इंडियन पाम बॉब : माडाच्या पानात वाढणारे फुलपाखरू

इंडियन पाम बॉब (शास्त्रीय नाव सुआस्टस ग्रेमियस) हे स्किपर अर्थात हेस्पेरिइडी कुळातील लहान फुलपाखरू होय. डॅनिश कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिसियस यांनी १७९८ मध्ये त्याचे प्रथम वर्णन केले. भारत, श्रीलंका, म्यानमारपासून दक्षिण चीन व तैवानपर्यंत त्याचा आढळ असून महाराष्ट्र-गोव्यातील बागांतही ते दिसते.

ओळख : जाडसर शरीर, टोकाशी आकड्यासारख्या वळलेल्या मिशा आणि वेगवान, उसळते उड्डाण ही या कुळाची लक्षणे येथेही आढळतात. पंखांची वरची बाजू गडद तपकिरी असून पुढील पंखांवर फिकट ठिपके असतात. मागील पंखांच्या राखाडी खालच्या बाजूवरील ठळक काळे ठिपके ही या जातीची नेमकी खूण होय.

जीवनक्रम : मादी ताडकुळातील झाडांच्या पानांवर एकेक अंडे घालते. नारळ, शिंदी, खजूर, भेर्ली माड तसेच शोभेचे पाम ही अळीची खाद्यवनस्पती होत. अळी पानाची कड दुमडून रेशमी धाग्याने शिवते व त्या नळीत लपून राहते. पाने कुरतडून ती वाढते आणि पानाच्या अशाच घरात कोषावस्थेत जाते.

आखातातील आगमन : अलीकडच्या काळात ही जात संयुक्त अरब अमिरातीतही स्थिरावली आहे. ओसाड वाळवंट तिला मानवणारे नाही; परंतु सिंचनावर पोसलेल्या बागा, रस्त्याकडेचे पाम आणि खजुराच्या राया यांनी तिला अन्न व सावली दोन्ही दिली. रोपांच्या पानांत दडलेली अंडी व अळ्या सहज नजरेस येत नाहीत. त्यामुळे रोपांच्या वाहतुकीबरोबर अशा जातींचा प्रसार होऊ शकतो.

उपद्रव किती? : खजूर हा अरब संस्कृतीचा आधारवृक्ष, त्याच्याशी निगडित ज्ञान व परंपरांचा युनेस्कोने २०१९ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला. म्हणूनच नव्या कीटकाकडे साशंकतेने पाहिले जाणे स्वाभाविक आहे. तथापि येथे भेद करणे अगत्याचे ठरते. दक्षिण आशियातूनच १९८०च्या दशकात आखातात पोहोचलेला लाल सोंड्या भुंगा खोड आतून पोखरून झाडाचा जीव घेतो. पाम बॉबची अळी केवळ पाने खाते. मोठ्या झाडाला त्याची सहसा फारशी झळ लागत नाही. कोवळी रोपे मात्र विद्रूप होऊ शकतात.

उपाय : घराच्या गच्चीत वा अंगणात पाम असल्यास दुमडलेली पाने उघडून अळ्या हाताने वेचणे पुरेसे असते. सरसकट विषारी फवारणीने अळ्यांचे नैसर्गिक शत्रू असलेल्या परजीवी गांधीलमाश्याही नष्ट होतात. मायदेशातून माडाचे रोप सामानात आणण्याचा मोह मात्र आवरावा. प्रवासी रोप एकटे येत नाही आणि सोबत येणारा प्रत्येक पाहुणा पाम बॉबइतका निरुपद्रवी असेलच असे नाही.