तेलाचा थेंब आणि रबराची कड

जुनी मोटार रोज कुठे उभी राहते हे ओळखायला ती तिथे असावी लागत नसे. जमिनीवरचा काळा, तेलकट डाग पुरेसा होता. मिनिटाला एक थेंब ही गळती कोणाला फारशी वाटत नाही. पण वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर दिवसाच्या १४४० थेंबांचे ७२ मिलिलिटर होतात आणि दोन आठवड्यांत लिटरभर तेल जमिनीत जाते. लहान मोटारीच्या इंजिनात एकूण तेल असते तीन ते चार लिटर. शिवाय हे तेल नेहमी जमिनीवरच पडते असे नाही. मागच्या बाजूने गळू लागले तर ते क्लचच्या चकतीवर जाते, आणि मग घाटात इंजिन ओरडत राहते, गाडी मात्र पुढे सरकत नाही.

गळतीचे मूळ यंत्राच्या रचनेतच आहे. दट्ट्यांची वरखाली हालचाल फिरत्या गतीत बदलणारा दांडा म्हणजे क्रँकशाफ्ट. तो ज्या पेटीत फिरतो तिच्यात तेलाचे तुषार सतत उडत असतात. आत तेल हवेच, नाहीतर बेअरिंगे काही मिनिटांत जळतील. पण दांड्याची दोन्ही टोके पेटीबाहेर आली पाहिजेत: पुढच्या टोकावर पुली, मागच्या टोकावर फ्लायव्हील. म्हणजे पेटीला दोन भोके आली, आणि त्या भोकांतून दांडा मिनिटाला हजारो फेरे फिरणार. दांड्याला धक्का न लावता तेल अडवायचे कसे?

असाच प्रश्न वाफेच्या यंत्राने मोटारीच्या कितीतरी आधी विचारला होता. १७१२ साली न्यूकमेनचे यंत्र चालू झाले तेव्हा त्याचा सिलिंडर वरून उघडा होता. दट्ट्याभोवती चामड्याची चकती बसवून वर थोडे पाणी ओतले की काम भागत असे. जेम्स वॉटने सिलिंडर वरून बंद केला आणि दट्ट्याचा दांडा झाकणातल्या भोकातून बाहेर काढला. त्या भोकाभोवती चरबीत भिजवलेल्या तागाच्या दोरीचे वेढे ठासून भरत आणि वरून पट्टी आवळत. विहिरीवरच्या पंपाच्या ग्लँडमध्ये जी दोरी भरतात ती याच दोरीची वंशज. पंप चालवणाऱ्याला पक्के ठाऊक असते की ग्लँड पूर्ण कोरडी होईपर्यंत आवळायची नाही. थेंब थेंब पाणी गळू द्यायचे, नाहीतर दोरी जळते आणि दांड्यावर चर पडतो. घट्टपणा आणि घर्षण यांचे हे भांडण पुढच्या सगळ्या इतिहासात चालू राहिले.

त्यातून पहिली सुंदर वाट निघाली ती १७९५ च्या सुमारास. जोसेफ ब्रामा याने त्या वर्षी जलदाबाच्या यंत्राचे पेटंट घेतले. पास्कलचे तत्त्व जुनेच होते, अडत होते ते मोठ्या दट्ट्याभोवतीच्या गळतीपाशी. पॅकिंग सैल ठेवले तर पाणी फुटे. आवळले तर दाब काढल्यावरही दट्ट्या खाली येईना. यावरचा उपाय ब्रामाच्या कारखान्यातील हेन्री मॉडस्ले या तरुण कारागिराचा मानला जातो. त्याने चामड्याची उलट्या वाटीसारखी कड केली, जिची पोकळ बाजू पाण्याकडे होती. पाण्याचा दाब वाढला की तोच कडेला दट्ट्यावर दाबतो. दाब गेला की पकडही जाते. जो शत्रू, त्यालाच पहारेकरी केले.

ही युक्ती वर्गात दाखवायला जलदाबाचे यंत्र लागत नाही. सायकलच्या जुन्या पंपातला किंवा स्टोव्हच्या पंपातला चामड्याचा वायसर काढून मुलांच्या हातात द्यावा. दांडा पुढे रेटला की कोंडलेली हवा वाटीची कड फाकवून नळीला चिकटवते. मागे ओढला की कड मिटते आणि नवी हवा आत येते. वायसर वाळला की पंप हवा धरत नाही, आणि थेंबभर तेल लावून कड बोटांनी फाकवली की पुन्हा धरतो, हे पूर्वी घराघरांत माहीत होते.

मोटारीचे इंजिन आले तेव्हा मात्र ही विद्या तशीच्या तशी उपयोगी पडेना. एक तर दांडा पुढेमागे सरकत नाही, गरगर फिरतो. दुसरे म्हणजे आतल्या तेलाला म्हणण्यासारखा दाब नाही, म्हणजे कडेला दाबून धरणारा पहारेकरीच नाही. म्हणून पहिल्या पिढीतील अभियंत्यांनी तेलाला स्पर्शाने अडवण्याचा नाद सोडला. दांड्यावर एक पातळ चकती बसवली, म्हणजे तेल तिच्या काठावरून फेकले जाऊन परत पेटीत पडे. त्यापुढे दांड्यावर स्क्रूसारखा आटा कापला. दांडा फिरला की आटा तेलाला मागे ढकलतो. आपल्याकडे अ‍ॅम्बॅसिडरमध्ये दीर्घकाळ चाललेले १४८९ घन सेंटिमीटरचे इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ज्या घराण्यातले, त्याच्या सुरुवातीच्या पिढ्यांत मागच्या टोकाला असाच आटा असे. कशालाही टेकत नसल्यामुळे तो झिजत नाही, ही त्याची मोठी बाजू. पण दांडा थांबला की आट्याचे कामही थांबते, आणि चढावर उभी केलेली गाडी आपली खूण सोडून जाते. आरंभी सांगितलेल्या डागाचे एक कारण हे.

इतर अनेक इंजिनांत मागच्या टोकाला ग्रॅफाइट भरलेली अ‍ॅस्बेस्टॉसची दोरी बसवीत. वॉटची तागाची दोरी नवे कपडे घालून आली, एवढेच म्हणायचे. त्या कपड्यांची किंमत पुढे फुप्फुसांनी मोजली.

आज आपण ज्याला ऑइल सील म्हणतो, ते घडवले चामडे कमावणाऱ्यांनी. अमेरिकेत शिकागो रॉहाइड ही १८७८ साली स्थापन झालेली कंपनी चामड्याचे पट्टे करीत असे. तिने मोटारींसाठी चामड्याची सीले काढली. जर्मनीत वाइनहाइम गावी फ्रॉइडेनबर्ग घराण्याचा १८४९ पासूनचा चामड्याचा कारखाना होता. १९२९ च्या मंदीत चामड्याची मागणी घटली आणि कारखाना नव्या मालाच्या शोधात सील बनवू लागला. तेथे वाल्टर सिमर या ऑस्ट्रियन अभियंत्याच्या नावाने 'सिमररिंग' बाजारात आले: धातूच्या कड्यात बसवलेली चामड्याची कड, आणि ती दांड्यावर हलकेच टेकती ठेवायला तिच्या पाठीवर बारीक वेढ्यांची गोल स्प्रिंग. ब्रामाच्या यंत्रात पाण्याचा दाब जे काम करी, ते आता या स्प्रिंगने केले. कल्पना इतकी नेटकी होती की सीलचे ठोकळ रूप आजही तेच आहे.

कमी पडले ते चामडे. गतीबरोबर उष्णता वाढते आणि तापलेले चामडे आक्रसते, कडक होते. मग रबर का नको? कारण नैसर्गिक रबर खनिज तेलात फुगते. रबर आणि तेल दोन्ही हायड्रोकार्बनचेच घडलेले असल्याने तेलाचे रेणू रबराच्या साखळ्यांत सहज शिरतात. साधे रबरबँड मोजून रात्रभर रॉकेलमध्ये ठेवावे आणि सकाळी पुन्हा मोजावे. जोडीला जुन्या ऑइल सीलचा तुकडाही ठेवला तर फरक डोळ्यांनी दिसतो.

हा फरक १९३० च्या सुमारास जर्मनीत आय. जी. फार्बेन कंपनीच्या एरिख कोनराड आणि एडुआर्ड चुंकुर या रसायनज्ञांनी घडवला. ब्यूटाडाइन आणि अ‍ॅक्रिलोनायट्राइल एकत्र गुंफून त्यांनी नायट्राइल रबर तयार केले. त्याच्या साखळीतले नायट्राइल गट विद्युतदृष्ट्या ध्रुवीय असतात, त्यामुळे तेलाच्या अध्रुवीय रेणूंना आत थारा मिळत नाही. १९३६ मध्ये सिमररिंग या रबरात आले. संशोधनाचा इतिहास लिहिताना एवढ्यावर थांबणे आम्हाला प्रामाणिक वाटत नाही. याच कंपनीने दुसऱ्या महायुद्धात कृत्रिम रबरासाठी आउश्वित्झजवळ मोनोविट्झ येथे कारखाना उभारायला घेतला, आणि त्याच्या बांधकामावर छळछावणीतील कैदी हजारोंनी मेले. तेथून रबर कधी निघालेच नाही.

युद्धानंतर रबरी सील जगभर पसरले. पण ते तेल अडवते कसे, हे नेमके कोणालाच ठाऊक नव्हते. रबर दांड्याला चिकटून असते म्हणून, असे उत्तर सरळ वाटते. ते तपासायला थोडे गणित करू. दांड्याचा व्यास ८० मिलिमीटर आणि फेरे मिनिटाला ६००० असतील, तर कडेखालून पृष्ठभाग सेकंदाला सुमारे २५ मीटर वेगाने धावतो. ताशी सरासरी ५० किलोमीटर वेगाने गाडी एक लाख किलोमीटर चालली, तर इंजिन २००० तास चालले. मिनिटाला सरासरी २००० फेरे धरले तर ते २४ कोटी होतात. प्रत्येक फेऱ्यात कडेखालून पाव मीटर पोलाद जाते, म्हणजे एकूण सुमारे ६०,००० किलोमीटर, पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या दीडपट. कोरडे रबर पोलादावर एवढे घासून टिकणे शक्यच नाही.

१९५७ मध्ये ब्रिटनमधील ई. टी. जॅगर याने प्रयोगांती दाखवले की चालत्या सीलची कड दांड्याला टेकतच नाही. मध्ये तेलाचा अतिशय पातळ थर असतो. त्याची जाडी मायक्रोमीटरच्या घरातली, केसाच्या जाडीचा अगदी लहानसा अंश. झिजेचे कोडे सुटले, पण दुसरे उभे राहिले. कडेखाली तेल आहे, तर ते बाहेर का पडत नाही? जॅगरने पृष्ठताणाकडे बोट दाखवले, पण तेवढ्याने सगळ्यांचे समाधान झाले नाही.

समाधान व्हायला आणखी दोन-तीन दशके जावी लागली, आणि ते जपान व जर्मनीतील प्रयोगांतून झाले. चालत्या सीलच्या बाहेरच्या, हवेकडच्या बाजूला मुद्दाम तेल सोडले असता सीलने ते आत ओढून घेतले! सील मुद्दाम उलटे बसवले तर तेच तेल बाहेर टाकू लागले. म्हणजे सील हे बूच नसून पंप आहे. श्टुटगार्ट विद्यापीठात हाइन्झ म्यूलर आणि त्यांचे सहकारी कामम्यूलर (प्रबंध १९८६) यांनी या पंपाची यंत्रणा उलगडली. कडेचा उतार तेलाकडे चढा आणि हवेकडे मंद असतो, म्हणून दाबाचे शिखर तेलाच्या बाजूजवळ येते. दांडा फिरताना रबराचा पृष्ठभाग थोडा सोबत ओढला जातो, आणि शिखरापाशी सर्वांत जास्त. त्यामुळे रबरावरचे सूक्ष्म उंचवटे दोन्ही बाजूंना तिरपे होतात आणि इवल्या पात्यांसारखे तेल ढकलू लागतात. हवेकडची पाती लांब पट्ट्यावर पसरलेली, म्हणून बेरीज आत ढकलण्याच्या बाजूने होते. दांडा उलटा फिरवला तर पातीही उलट तिरपी होतात, आणि तेल तरीही आतच जाते. जुन्या आट्याला हे जमत नव्हते. दांडा थांबला की स्प्रिंग कडेला टेकवून ठेवते. हेही आट्याला जमत नव्हते.

आता घरी सील बदलायला बसणाऱ्या हौशी माणसाकडे वळू. पुढचे सील त्याच्या आवाक्यातले आहे: पट्टा काढायचा, पुली पुलरने ओढायची, जुने सील उचकटायचे, नवे सरळ ठोकून बसवायचे. टायमिंगचा पट्टा मध्ये येत असेल तर त्याच्या खुणा आधी जुळवून ठेवायच्या. मागच्या सीलसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. तो एकट्याने अंगावर घेण्याचा उद्योग नव्हे. नव्या सीलच्या कडेला तेल चोळतात, कारण पहिले काही फेरे कोरडे गेले तर थर बनण्याआधीच कड भाजते. टेफ्लॉनची सीले याला अपवाद. ती बहुधा कोरडीच बसवायची असतात, म्हणून वेष्टनावरची सूचना वाचावी. तेल चोळण्यामागचे कारण पुष्कळांना माहीत असते. स्प्रिंगचे एक-दोन वेढे कापून सील आवळण्याची युक्तीही पुष्कळांना माहीत असते, आणि ती मात्र घातक आहे. दाब वाढला की थर तुटतो, रबर तापून कडक होते आणि गळती उलट वाढते.

सील बदलूनही तेल आले, तर पेटीतली वाफ बाहेर काढणारी नळी आणि तिची झडप आधी पाहावी. ती तुंबली असेल तर दट्ट्यांच्या कडेने निसटलेला वायू पेटीत साठतो, आणि एवढ्या हलक्या कडेला तो दाब पेलत नाही. दांड्यावर गंज दिसला तर बारीक पॉलिश पेपर गोलच फिरवावा, लांबीच्या दिशेने सरकवू नये. तिरपे ओरखडे म्हणजे नकळत कापलेला आटाच, आणि तो कोणत्या दिशेला तेल ढकलेल याचा भरवसा नाही. मऊ रबराच्या कडेत रुतलेली धूळ पोलादावर चर पाडते, तेव्हा बोटाचे नख फिरवून पाहावे. नख अडकले तर नवे सील जुन्या जागेपेक्षा एखादा मिलिमीटर पुढे किंवा मागे बसवावे, म्हणजे कड चराऐवजी गुळगुळीत पोलादावर चालेल. तेवढी जागा नसेल, तर दांड्यावर चढवायची पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीची पोलादी बाही मिळते.