‘बर्क’ या इंग्रजी क्रियापदाचा अर्थविकास : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
व्यक्तिनामापासून क्रियापद तयार होणे ही इंग्रजी भाषेतील परिचित प्रक्रिया आहे. १८८० मध्ये आयर्लंडमधील कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट यांच्या नावावरून रूढ झालेले ‘बॉयकॉट’ हे क्रियापद सर्वांना ज्ञात आहे. त्याच्या अर्धशतक आधी जन्मलेले ‘बर्क’ हे क्रियापद मात्र आज क्वचितच वापरले जाते. वॉरन हेस्टिंग्जवरील महाभियोगामुळे इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित असलेल्या एडमंड बर्क यांच्याशी या शब्दाचा काहीही संबंध नाही. त्याचा उगम १८२८ मधील एडिंबरो येथील हत्याकांडात आहे. प्रस्तुत लेखात या शब्दाच्या अर्थविकासाचा आणि त्यामागील सामाजिक वास्तवाचा आढावा घेतला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी एडिंबरो हे वैद्यकीय शिक्षणाचे अग्रगण्य केंद्र होते. शरीररचनाशास्त्राच्या अध्यापनासाठी प्रेतांची मागणी सातत्याने वाढत होती. १७५२ पासून अमलात असलेल्या कायद्यान्वये फाशी दिलेल्या खुन्यांची प्रेते विच्छेदनासाठी मिळत. परंतु हा पुरवठा अत्यंत अपुरा होता. परिणामी, थडगी उकरून ताजी प्रेते विकणाऱ्यांचा चोरटा व्यवसाय भरभराटीस आला.

नोव्हेंबर १८२७ मध्ये विल्यम हेअर याच्या वेस्ट पोर्ट भागातील भाडोत्री निवासात एक वृद्ध भाडेकरू भाडे थकवून नैसर्गिक मृत्यू पावला. हेअर आणि त्याचा साथीदार विल्यम बर्क यांनी त्याचे प्रेत डॉ. रॉबर्ट नॉक्स यांच्या विच्छेदनशाळेला ७ पौंड १० शिलिंगांना विकले. हे दोघेही मजुरीसाठी आयर्लंडमधून आलेले होते. पुढील वर्षभरात त्यांनी १६ व्यक्तींचे खून करून त्यांची प्रेते याच शाळेला विकली. बळी पडलेल्यांत प्रामुख्याने निराधार स्त्रिया, वृद्ध आणि वाटसरू होते. ज्यांची चौकशी करण्यास कोणी येणार नाही, अशीच ही माणसे होती. बळीला मद्य पाजून, नाक-तोंड दाबून गुदमरवून मारण्याची पद्धत अवलंबिली जाई. त्यामुळे अंगावर जखमेची ठळक खूण राहत नसे आणि प्रेताला चांगली किंमत येई.

३१ ऑक्टोबर १८२८ रोजी झालेल्या अखेरच्या खुनानंतर हा प्रकार उघडकीस आला. हेअर माफीचा साक्षीदार झाल्याने सुटला. बर्कला २८ जानेवारी १८२९ रोजी प्रचंड जनसमुदायासमोर फाशी देण्यात आले आणि नंतर त्याच्याच प्रेताचे विच्छेदन झाले. त्याचा सांगाडा आजही एडिंबरो विद्यापीठाच्या संग्रही आहे.

अर्थविकास :
फाशीच्या प्रसंगी जमावाने बर्कचे नाव क्रियापद म्हणून वापरत, त्याला त्याच्याच पद्धतीने मारावे असा घोष केल्याची नोंद समकालीन वृत्तपत्रांत आढळते. अशा रीतीने ‘खूण न ठेवता गुदमरवून मारणे’ हा पहिला अर्थ रूढ झाला. १८३१ मध्ये लंडनमध्ये बिशप आणि विल्यम्स यांनी प्रेतविक्रीसाठी केलेल्या खुनांमुळे या शब्दाला अधिक प्रसार मिळाला. पुढे त्याला लाक्षणिक अर्थ प्राप्त झाला. एखादी चौकशी, चर्चा वा लेखन गाजावाजा न करता दडपणे, प्रश्नाला बगल देणे या अर्थी तो राजकीय लेखनात येऊ लागला. मूळ विशेषनामाचे मोठे आद्याक्षरही कालांतराने लहान झाले. मराठीतील ‘मुस्कटदाबी’ या शब्दाचा प्रवासही शारीरिक कृतीकडून अभिव्यक्तीच्या दडपणुकीकडे असाच झालेला दिसतो.

शब्द आणि सत्ता :
क्रियापद झाले ते बर्कच्या नावाचे. प्रेतांची खरेदी करणारे डॉ. नॉक्स त्यापासून दूर राहिले. त्यांच्यावर खटला झाला नाही, न्यायालयात त्यांची साक्षही घेण्यात आली नाही. १८२९ मधील एका समितीने खुनांची त्यांना माहिती असल्याचा पुरावा नसल्याचे म्हटले. मात्र प्रेते स्वीकारताना पुरेशी सावधगिरी बाळगली नसल्याचेही नमूद केले. ज्या बाजारपेठेमुळे हे खून घडले, तिची जबाबदारी न्यायालयात तपासलीच गेली नाही. या क्रियापदाचा दुसरा अर्थ त्याच्या जन्मकथेलाही लागू पडतो.

१८३२ च्या अ‍ॅनाटॉमी अ‍ॅक्टने खुन्यांच्या प्रेतांचे विच्छेदन बंद करून बेवारस प्रेते वैद्यकीय शाळांना देण्याची तरतूद केली. त्यामुळे प्रेतचोरीला आळा बसला. परंतु पूर्वी खुन्याची शिक्षा मानले जाणारे विच्छेदन आता अनाथगृहात मरण पावणाऱ्या गरिबाच्या वाट्याला आले. बेवारस प्रेतांबाबतचे हेच तत्त्व १९४९ च्या मुंबई शरीररचना अधिनियमातही आढळते.

निष्कर्ष :
‘बर्क’ या शब्दाचा इतिहास हा केवळ व्युत्पत्तीचा विषय नाही. ज्ञानाची निकड, बाजारातील मागणी आणि गरिबांची असहायता यांच्या संयोगातून हा शब्द घडला. भाषेने गुन्हेगाराचे नाव जपले. मेरी पॅटर्सन, जेम्स विल्सन, मार्गारेट डॉकर्टी ही बळींची नावे मात्र कोशाबाहेर राहिली. शब्दाचा इतिहास अभ्यासताना कोशात काय नोंदले गेले याबरोबरच काय वगळले गेले, याचाही शोध घेणे म्हणूनच आवश्यक ठरते.