लग्नाचा पोशाख नसलेला पाहुणा

लग्नाला काय नेसायचे, यावर आपल्याकडे घरोघरी आठ-आठ दिवस खल होतो. पण एका पाहुण्याच्या पोशाखावर धर्मपंडितांनी हजार वर्षांहून अधिक काळ खल केला, हे मात्र फारसे कुणाला माहीत नसते.

येशू ख्रिस्ताने सांगितलेल्या बोधकथांना मराठी बायबलमध्ये 'दाखले' म्हणतात. मत्तयच्या शुभवर्तमानातल्या बाविसाव्या अध्यायातला दाखला मी पहिल्यांदा वाचला, तेव्हा मला तो चक्क अन्यायाचा वाटला. राजपुत्राच्या लग्नाला निमंत्रित येत नाहीत, म्हणून राजा रस्त्यावरून भेटतील ती माणसे, बरी-वाईट सगळी, बोलावून आणतो. मग एकाच्या अंगावर लग्नाचा पोशाख नाही हे त्याला दिसते. "मित्रा, तू आत कसा आलास?" असे तो विचारतो. पाहुणा गप्प. त्याचे हातपाय बांधून त्याला बाहेरच्या अंधारात टाकले जाते. आता वाटेवरून ओढून आणलेल्या माणसाने भरजरी कपडे आणायचे कुठून?

यजमानच पाहुण्यांना वस्त्रे देत असे, हे नेहमीचे उत्तर. पण अशी सार्वत्रिक प्रथा होती, याला भक्कम पुरावा नाही. मला तालमूद या ज्यू ग्रंथातली एक कथा अधिक उजेड पाडणारी वाटते. ती पहिल्या शतकातले धर्मगुरू योहानान बेन झक्काय यांच्या नावावर आहे. राजा मेजवानीला बोलावतो, पण वेळ सांगत नाही. शहाणे नटूनथटून राजवाड्याच्या दाराशी बसतात. मूर्ख आपापल्या कामाला जातात आणि अचानक बोलावणे आल्यावर मळक्या कपड्यांनी येतात. राजा चिडतो. म्हणजे खोट गरिबीची नव्हे, तयारी नसण्याची.

हा पोशाख म्हणजे नेमके काय? इसवी सन ४००च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टिन म्हणाला, बाप्तिस्मा नव्हे, तो दुर्जनांनाही मिळतो. पोशाख म्हणजे शुद्ध मनातले प्रेम. सोळाव्या शतकात ल्यूथरने तो श्रद्धेचा ठरवला. त्याचे विरोधक सत्कर्मांवर अडून बसले. कॅल्विनने १५५५च्या भाष्यात सांगून टाकले की दोन्ही वेगळी करताच येत नाहीत, वाद व्यर्थ आहे. वाद अर्थातच थांबला नाही!

लूकच्या शुभवर्तमानात कपड्यांची तऱ्हाच निराळी. उधळ्या मुलगा परततो, तेव्हा बाप त्याची माफी पुरी ऐकूनही घेत नाही, उत्तम झगा आणवतो. मूळ ग्रीकमध्ये शब्दशः 'पहिला' झगा आहे. ऑगस्टिनला त्यात आदामाने गमावलेली प्रतिष्ठा दिसली. दुसऱ्या दाखल्यातला श्रीमंत माणूस जांभळी वस्त्रे नेसतो. हा रंग समुद्रातल्या गोगलगायींपासून काढत. १९०९ साली रसायनशास्त्रज्ञ पॉल फ्रीडलेंडर यांना १२,००० गोगलगायींतून जेमतेम १.४ ग्रॅम रंग मिळाला, यावरून त्याच्या मोलाची कल्पना यावी. त्याच्या दाराशी पडलेल्या लाजराच्या अंगावर काय होते? लूक वस्त्राचे नावही घेत नाही, फक्त फोडांचे घेतो.

आणि मेजवानीचा दाखला लूककडेही आहे, चौदाव्या अध्यायात. तिथे गरीब, लंगडे, आंधळे आत आणले जातात, तरी जागा उरते, म्हणून आणखी माणसे आणायला चाकर पुन्हा बाहेर पडतो. कुणाचे कपडे तपासायला मात्र कोणी येत नाही.