घोणसाचें विष आणि रक्ताची गुठळी

आवणीच्या दिवसांत अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनकडील खाचरांत अनवाणी पायांनीं चिखल तुडविणाऱ्या माणसास साप डसला, कीं पूर्वीं त्यास पुष्कळदां मांत्रिकाच्या दारीं अगर देवळाच्या ओसरीवर नेऊन निजवीत. डसणारा नाग असल्यास निकाल लौकर लागे. घोणस अगर फुरसें असल्यास रोगी शुद्धीवर बोलत राही, विष उतरलें असें समजून घरचीं माणसें निर्धास्त होत, आणि दुसरे दिवशीं त्याच्या हिरड्यांतून व लघवीवाटे रक्त जाऊं लागे.

घोणसाच्या विषानें रक्त पातळ होतें हा समज अर्धाच खरा आहे. वस्तुतः तें विष रक्त गोठविणाऱ्या द्रव्यांस एकदम चेतवितें. शरीरभर सूक्ष्म गुठळ्या होऊन तीं द्रव्यें खर्चीं पडतात, आणि मग गोठावयास कांहीं उरतच नाहीं. उधळ्याची तिजोरी रिती व्हावी, तसाच हा प्रकार!

रोग्याच्या उशाशीं बसलेल्या डॉक्टरानें हें ओळखावें कसें? १९१३ सालीं ली व व्हाइट यांनीं कांचेच्या नळींत रक्त घेऊन तें गोठण्यास लागणारा वेळ मोजण्याची रीत सांगितली. त्याच तत्त्वावरील एक परीक्षा डेव्हिड वॉरेल व त्यांचे सहकारी यांनीं नायजेरियांत फुरशाच्या जातीच्या सर्पदंशावर उपयोगांत आणली. त्यांचा वृत्तांत १९७७ सालचा आहे. नळी नवी, कोरडी व कांचेचीच हवी. तींत थोडें रक्त घालून वीस मिनिटें न हलवितां ठेवावयाचें व मग एकदां नळी कलती करावयाची. रक्त वाहिलें तर विष भिनलें असें समजावें. नळी साबणानें धुतलेली अगर प्लास्टिकची असली, तर धडधाकट माणसाचें रक्तही गोठत नाहीं, कारण कांचेचा स्पर्शच त्या क्रियेस आरंभ करून देतो. ही चूक क्षुल्लक खरी, पण तिचा परिणाम क्षुल्लक नव्हे. घोड्याच्या रक्तापासून केलेलें प्रतिविष कित्येकांस बाधतें. तें विनाकारण देणें धोक्याचें, आणि हवें असतां न देणें त्याहून धोक्याचें. तें दिल्यावर सहा तासांनीं पुन्हां नळी भरतात, कारण खर्चीं पडलेलीं द्रव्यें नव्यानें तयार करण्यास यकृतास तेवढा अवधि लागतो. महाडचे डॉ. हिंमतराव व डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनीं पश्चिम महाराष्ट्रांतील सर्पदंशाचा अभ्यास २००२ सालीं प्रसिद्ध केला, त्यामुळें या भागांतील रोग्यांची हकीकत जगापुढें आली.

या विषाची दुसरी बाजूही आहे. १९३४ सालीं लंडनमध्यें मॅकफार्लेन व बार्नेट यांनीं घोणसाचें विष अतिशय विरळ करून, ज्यांचें रक्त जन्मतःच गोठत नाहीं अशा रोग्यांच्या जखमांवर लावून पाहिलें, व रक्त थांबलें.

इस्पितळांत निजून असलेल्या रोग्याच्या पायाच्या शिरेंत गुठळी होऊन ती फुप्फुसांत जाण्याचें भय असतें. तें मोजण्यासाठीं इटालींतील पादुआ येथील डॉक्टरांनीं २०१० सालीं गुणांची एक पद्धति प्रसिद्ध केली. पूर्वीं झालेली गुठळी, कर्करोग, अंथरुणास खिळणें आणि रक्त अधिक गोठण्याचा दोष, यांस प्रत्येकीं तीन गुण. सत्तरी गांठलेल्यास एक. एकूण चार झाले कीं धोका मोठा. त्या दोषांपैकीं एक ओळखण्यास १९८६ पासून विरळ केलेलें घोणसाचेंच विष वापरतात. रोग्याच्या रक्तद्रवांत तें मिसळून सेकंद मोजावयाचे. आणि नवल असें कीं, हा दोष असलेल्याचें रक्त नळींत उशिरा गोठतें व शरीरांत मात्र त्याच्याच शिरांतून गुठळ्या होतात.