तळटीप १४ : ‘लेबर टेबल’

१४. लेबर टेबल : बाळंतपणाचे टेबल. इथे अभिप्रेत आहे ते प्राथमिक आरोग्य केंद्रांतले, विजेशिवाय हाताने चालणारे. स्टीलचा सांगाडा, वर रेक्झिनची गादी. पाठीकडचा भाग दात्यांच्या पट्टीवर हव्या त्या कोनात अडकतो. पायांकडचा भाग बाळ येताना खाली सरकवतात किंवा काढूनच ठेवतात, म्हणजे नर्सला समोर उभे राहता येते. बाजूंना पाय टेकायचे आधार, धरायला मुठी, खाली रक्तपाणी झेलणारे घमेले. काही टेबलांना डोक्याकडची बाजू उतरवायचे हॅन्डल असते. बाळाच्या आधी नाळ खाली आली, तर त्याचे मोल कळते. लाइट गेली तरी ते फिरते, हे महत्त्वाचे.

उताणे निजून बाळंत होण्याची सक्ती मात्र टेबलाची नव्हे, सवयीची. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८च्या शिफारशी बाईला सोयीची वाटेल ती स्थिती घेऊ द्या, असे सांगतात. पाठीचा भाग उचलला, तर याच टेबलावर ती अर्धवट बसून जोर करू शकते. पुढच्या परिच्छेदातल्या सिस्टर नेमके तेच करतात.