मोरीची वाटी आणि ट्रॉम्बोन

वाद्याला जात नसते असं सांगणारे बहुतेक खुर्चीत बसून ऐकणारे असतात. हलगी कुणाच्या गळ्यात होती आणि सतार कुणाच्या मांडीवर, हे गावाला विचारा. हात आमचे, घाम आमचा, वाजवायचं पाटलाच्या दारात, आणि बलुतं म्हणून पदरात पडायचं ते शिळंपाकं. इंग्रजांच्या पलटणीबरोबर पितळी बाजा आला. पुढं तो लग्नाच्या वरातीत शिरला आणि फिरून पुन्हा आमच्यासारख्यांच्याच खांद्यावर येऊन बसला. डगल्याला सोनेरी झालर लागली, पंगतीत पान मात्र लागलं नाही.

म्हणून आपल्यातले काही तरुण कार्यकर्ते म्हणतात, हे वाद्यच फेकून द्या, ती गुलामीची खूण आहे. त्यांचा राग मला कळतो. पण मी ट्रॉम्बोन वाजवतो, तोही सेकंडहँड, आणि या प्रश्नाला इतिहासाची एक बाजू आहे, ती मांडली पाहिजे.

जुना ट्रॉम्बोन घेतला की तो आपल्या मापाचा नसतो. सगळं वजन डाव्या हातावर, उजवा हात स्लाइड पुढंमागं करणार. स्लाइडच्या जागा सात, आणि सातवीपर्यंत हात पार ताणावा लागतो. पुढची बाजू जड असली तर वरात चौकात पोचेपर्यंत मनगट मरतं. मी तांबटाकडून कर्ण्याचे पोचे काढून घेतले, निखळलेल्या जोडाला डाख दिला. मागच्या वळणाला वजन बसवलं, तेव्हा तोल सावरला. पकडीला चामड्याची पट्टी गुंडाळली. स्लाइडला कोल्ड क्रीम आणि वर पाण्याचा हबका. माऊथपीस बदलला. त्याची वाटी खोल असली तर आवाज जाड, उथळ असली तर चढा. आता तो माझ्या हाताला बसतो.

यात वाद्य बाटत नाही. १८३९ साली जर्मनीतल्या लाइपझिग शहरात साटलर नावाच्या कारागिराने ट्रॉम्बोनला जादा नळी आणि अंगठ्याने चालणारा व्हॉल्व्ह जोडला. लांबच्या जागांसाठी हात ताणायचा त्रास कमी झाला. माणसासाठी वाद्य बदलायचं असतं, वाद्यासाठी माणूस मोडायचा नसतो. शास्त्रांबद्दल तरी बाबासाहेब आपल्याला वेगळं काय सांगत होते?

हात सुखी झाला, पण आवाजाचं काय? त्यासाठी अमेरिकेतल्या काळ्या माणसाकडं जावं लागतं. तो आपल्याला परका नाही. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती तिथली गुलामी मोडणाऱ्या माणसांना. १९७२ साली पँथर हे नाव आपण तिथूनच घेतलं. बाबासाहेब १९१३ ते १९१६ ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, त्याच्या शेजारीच काळ्यांचं हार्लेम.

त्या न्यूयॉर्कमध्ये १९०४ साली जो नॅन्टन जन्मला. आईबाप वेस्ट इंडीजमधून आलेले. १९२६ साली तो ड्यूक एलिंग्टनच्या बँडमध्ये गेला आणि लोक त्याला ‘ट्रिकी सॅम’ म्हणू लागले. त्याने ट्रॉम्बोनच्या कर्ण्यात ट्रम्पेटचा छोटा म्यूट खुपसला. आणि मोरी तुंबली की दाबून मोकळी करायची जी रबरी वाटी असते, तिचा दांडा काढून ती कर्ण्यासमोर धरली. वाटी उघडझाप करायची, त्याबरोबर तोंडातली पोकळी हलवायची. पितळेतून ‘या-या’ असा माणसाचा आवाज निघू लागला. तो रडायचा, गुरगुरायचा, टोमणा मारायचा. ही युक्ती त्याच्या एकट्याची नव्हे. त्याच्या आधी त्याच बँडमध्ये चार्ली अर्व्हिस ट्रॉम्बोनमधून गुरगुरता आवाज काढत होता. पण नॅन्टनने तिला भाषा दिली. मोरीचं काम आणि मोरीची हत्यारं कुणाच्या वाट्याला येतात, हे तुम्हांला सांगायला नको. त्यातलंच एक हत्यार त्याने वाद्याला जोडलं.

पण दोस्तांनो, इथंच थांबून टाळ्या वाजवू नका. १९२७च्या डिसेंबरात हा बँड हार्लेममधल्या कॉटन क्लबमध्ये लागला. मंचावर काळे, खुर्च्यांवर गोरे. गिऱ्हाईक म्हणून काळ्याला दार बंद. सजावट गुलामांच्या मळ्याची, आणि नॅन्टनच्या त्या बोलक्या आवाजाला गोऱ्यांनी नाव दिलं ‘जंगलचं संगीत’. वाद्य बदललं होतं, दार बदललं नव्हतं. आपली वेदना तो दुसऱ्यांच्या करमणुकीला वाजवत होता.

जानेवारी १९४३ मध्ये एलिंग्टनने कार्नेगी हॉलमध्ये ‘ब्लॅक, ब्राउन अँड बेज’ सादर केलं. विषय अमेरिकेतल्या काळ्यांचा इतिहास. त्यातल्या गुलामांच्या श्रमगीतात नॅन्टनचा ट्रॉम्बोन बोलला. त्याच वाटीच्या भाषेत. आता तो स्वतःची गोष्ट सांगत होता. १९४६च्या जुलैत तो वारला. त्याच महिन्यात बाबासाहेबांनी काळ्यांचे नेते डुबॉइस यांना पत्र लिहिलं होतं.

तेव्हा वाद्य फेकू नका. आधी ते आपल्या मापाचं करा, मग त्यात आपला आवाज भरा. पण तेवढ्यावर भागत नाही. लग्नाची सुपारी घ्यायची तर आपल्या अटीवर घ्या: रोख मजुरी आधी ठरवून, जेवण पंगतीत बसून. हे कबूल नसेल तर सुपारी परत. आणि १४ एप्रिलच्या मिरवणुकीत सिनेमाच्या चाली वाजवून वेळ काढू नका. आपल्या इतिहासावर बसवलेली एखादी चाल आपल्या बँडवाल्यांपाशी असलीच पाहिजे. ती बसवायला आजपासून लागा.