वक्त्यापुढचा दुसरा पडदा

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

मंडळी, परिषदा आणि अधिवेशनं तुम्ही पुष्कळ पाहिली असतील. डॉक्टरांची, प्राध्यापकांची, अभियंत्यांची. वक्त्याचं नाव पुकारलं जातं, तो व्यासपीठावर चढतो, आणि पहिली पाच मिनिटं वायर जोडण्यात जातात. मग समोरच्या भल्यामोठ्या पडद्यावर भाषणाऐवजी त्याच्या संगणकाचं घरगुती रूप दिसतं. नातवाचा फोटो, विजेच्या बिलाची फाइल, मध्येच उगवलेली कुठल्याशा मेलची सूचना. सभागृहात खसखस पिकते. कुणीतरी धावत येतं, दोनचार बटणं दाबतं आणि एकदाचं भाषण सुरू होतं.

काही वर्षं अशा सभागृहांत मागच्या तांत्रिक टेबलाशी बसण्याचं काम माझ्याकडे होतं. त्या टेबलावरून एक गोष्ट फार स्पष्ट दिसते. ती पाच मिनिटं त्या वक्त्याची जात नाहीत. तो आपलं भाषण पुरं करूनच खाली उतरतो. मिनिटं जातात ती सत्रातल्या शेवटच्या वक्त्याची. आणि शेवटी कोण असतं? बहुतेक वेळा एखादी विद्यार्थिनी, रात्रभराचा एसटीचा प्रवास करून आलेली. बारा मिनिटं ठरलेली, वाट्याला येतात सहा. जेवणाची वेळ झालेली असते, अध्यक्ष घंटीवर हात ठेवून बसलेले असतात. तीन वर्षांचं काम ती सहा मिनिटांत कसंबसं उरकते.

म्हणून आज जो इतिहास सांगणार आहे, तो नुसता यंत्रांचा नाही. भाषण सुरळीत चालावं यासाठी माणसानं कायकाय केलं, त्याचा हा इतिहास आहे. त्याच्या मुळाशी एक साधी गोष्ट आहे. श्रोत्यांना जे दिसायला हवं, ते एक. आणि वक्त्याला जे दिसायला हवं, ते दुसरंच. श्रोत्यांना हवं आत्ताचं चित्र. वक्त्याला हवं पुढचं चित्र, आपलं टिपण आणि घड्याळ.

आपल्या नाटकवाल्यांना हे केव्हापासून ठाऊक आहे. विंगेत संहिता घेऊन बसलेला प्रॉम्प्टर म्हणजे काय? नटाला दिसावा, ऐकू यावा, पण प्रेक्षकाला त्याचा पत्ता लागू नये, असा माणूस. व्याख्यानाच्या जगातही असा माणूस होता, आणि त्याचं एक फार सुंदर उदाहरण लंडनमध्ये सापडतं.

तिथल्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरडे यांनी १८२० च्या दशकात शुक्रवारच्या संध्याकाळची व्याख्यानं सुरू केली. विजेच्या संशोधनातलं हे केवढं मोठं नाव! पण आपण बोलण्याच्या ओघात फार भरभर बोलतो, हे त्यांना माहीत होतं. त्यावर त्यांनी केलेला उपाय पाहा. एका पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत ‘सावकाश’ या अर्थाचा इंग्रजी शब्द लिहून तो ते समोर ठेवत. तरीही वेग वाढला, तर त्यांचा साहाय्यक अँडरसन, जो पूर्वी तोफखान्यात सार्जंट होता, तो पुठ्ठा थेट त्यांच्या पुढ्यात आणून ठेवी. तास संपत आला की ‘वेळ’ असं लिहिलेला दुसरा पुठ्ठा पुढे येई. वक्त्यासाठीचा दुसरा पडदा मला विचाराल तर हाच. त्याला वीज लागत नव्हती. लागत होता तो अँडरसन.

पुढे व्याख्यानांत चित्रं आली. जादूचा कंदील, म्हणजे मॅजिक लँटर्न, हॉलंडच्या ख्रिस्तियान हॉयगेन्स यांनी १६५९ मध्ये तयार केला होता. पण तो सभागृहात सर्रास रुळला एकोणिसाव्या शतकात, झगझगीत प्रकाश मिळू लागल्यावर. काचेवरची चित्रं भिंगातून पडद्यावर पडत. आता कंदील असतो श्रोत्यांच्या मागे आणि वक्ता असतो पुढे. मग चित्र बदलायचं कुणी? त्यासाठी कंदीलवाला आला. वक्त्यानं काठी जमिनीवर आपटली किंवा घंटी वाजवली की कंदीलवाला पुढची काच सरकवी. चांगला कंदीलवाला काचांचा क्रम आधी लावून घेई, वक्त्याकडून भाषण समजून घेई. पुढे काय येणार आहे, ही माहिती त्याच्या हातांत असे.

आपल्याकडेही हे घडलं. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९० च्या दशकात ‘शांबरिक खरोलिका’ या नावानं जादूच्या कंदिलाचे खेळ सुरू केले. शंबरासुराच्या मायेवरून घेतलेलं हे नाव! हातानं रंगवलेल्या काचा, पुराणातल्या कथा आणि जोडीला निवेदन. पुढे त्यांची मुलंही या कामात आली. परिषद नव्हे, खेळच तो; पण अडचण तीच. बोलणारा एकीकडे, चित्र बदलणारा दुसरीकडे, आणि दोघांचा मेळ बसला तरच पडद्यावरची माया टिकायची.

विसाव्या शतकात काचेची जागा फिल्मनं घेतली. १९३६ पासून ३५ मिलिमीटरच्या रंगीत स्लाइड मिळू लागल्या. १९६१ मध्ये कोडॅक कंपनीनं कॅरोसेल नावाचा प्रोजेक्टर आणला. त्यावर गोल थाळी, थाळीत ८० खाचा, प्रत्येक खाचेत एक स्लाइड, आणि वक्त्याच्या हातात तारेचं बटण. बटण दाबलं की थाळी एक घर पुढे सरके. कंदीलवाल्याचं अर्धं काम त्या बटणानं घेतलं. उरलं ते अर्धं, म्हणजे थाळी नीट भरण्याचं. चौकोनी स्लाइड खाचेत आठ तऱ्हांनी बसते आणि त्यांतली एकच बरोबर असते. म्हणून जाणती मंडळी प्रत्येक स्लाइडच्या कोपऱ्यावर अंगठ्याच्या जागी एक ठिपका काढून ठेवत. मोठ्या परिषदांत एक स्वतंत्र खोली असे. वक्त्यानं तिथे आधी जाऊन थाळी भरायची, एकदा फिरवून पाहायची आणि मगच ती सभागृहात पाठवायची. कॅरोसेलचं उत्पादन २००४ मध्ये थांबलं. ही शिस्त मात्र जपण्यासारखी होती.

आता या इतिहासातल्या सर्वात मोठ्या दिवसाकडे येऊ. ९ डिसेंबर १९६८. सॅन फ्रान्सिस्कोत संगणकतज्ज्ञांची परिषद भरली होती. सुमारे हजार लोक सभागृहात होते. डग्लस एंगेलबार्ट नावाचे संशोधक व्यासपीठाच्या एका बाजूला यंत्रापुढे बसले, कानाला हेडफोन, समोर छोटा पडदा. मागे सुमारे २२ फुटांचा मोठा पडदा. पुढची दीड तास त्यांनी जे दाखवलं, ते पाहून लोक थक्क झाले. जगासमोर माउस पहिल्यांदा आला तो याच दिवशी. शब्दावर टिचकी मारून दुसऱ्या मजकुराकडे जाणं, दूरच्या सहकाऱ्याशी पडद्यावर बोलत एकाच मजकुरावर काम करणं, हे सारं १९६८ मध्ये!

पण माउसची गोष्ट आपण नेहमी ऐकतो. मला सांगायची आहे ती पडद्यामागची. संगणक त्या सभागृहात नव्हताच. तो होता सुमारे ३० मैलांवर, मेन्लो पार्कमधल्या संशोधन संस्थेत. तिथलं चित्र सूक्ष्मलहरींच्या दुव्यांवरून सभागृहात येत होतं. मोठ्या पडद्यासाठी आयडोफोर नावाचा अवाढव्य स्विस प्रोजेक्टर नासाकडून मागून आणला होता. आणि ही सगळी जुळणी केली होती बिल इंग्लिश या अभियंत्यानं, ज्यानं पहिला माउस प्रत्यक्ष घडवला तोच हा. सादरीकरण चालू असताना तो सभागृहाच्या मागच्या बाजूला बसून कोणत्या कॅमेऱ्याचं चित्र केव्हा पडद्यावर घ्यायचं, कुठल्या चित्रावर काय मिसळायचं, हे ठरवत होता, आणि एंगेलबार्ट यांच्या कानाशी बोलत होता. म्हणजे वक्त्यापुढे स्वतःचा पडदा, श्रोत्यांपुढे वेगळा पडदा, आणि दोहोंच्या मध्ये एक जागा माणूस. भाषण संपल्यावर लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्या टाळ्यांत बिल इंग्लिशचा वाटा किती होता, हे त्यांतल्या कितीजणांना ठाऊक असेल?

यानंतर आलं पॉवरपॉइंट. रॉबर्ट गॅस्किन्स आणि डेनिस ऑस्टिन यांनी फोरथॉट या छोट्या कंपनीत ते घडवलं. १९८७ च्या एप्रिलमध्ये ते मॅकिंटॉश संगणकासाठी बाजारात आलं आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टनं ती कंपनी १ कोटी ४० लाख डॉलरना विकत घेतली. तेव्हा ते पडद्यावर थेट दाखवण्यासाठी नव्हतं, हे आज सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही. त्यातून ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या पारदर्शक कागदांसाठी छापील पानं निघत. मात्र त्यात टिपणांच्या पानाची सोय होती. वर स्लाइडचं छोटं चित्र, खाली वक्त्याचं टिपण. श्रोत्यांना एक, वक्त्याला दुसरं, हा भेद तिथे कागदावर होता. १९९२ मध्ये पॅरिसच्या एका हॉटेलात गॅस्किन्स लॅपटॉप घेऊन गेले, तो प्रोजेक्टरला जोडला आणि थेट त्यावरून रंगीत सादरीकरण करून दाखवलं. थाळी गेली, पारदर्शक कागद गेले.

पण जाताना आणखी काही गेलं. त्या काळी लॅपटॉप जोडला की बहुधा त्याच्या पडद्याची हुबेहूब नक्कल मोठ्या पडद्यावर पडायची. वक्ता पाहील तेच श्रोते पाहणार. टिपण उघडायची सोय नाही, पुढची स्लाइड डोकावून पाहायची सोय नाही. परिणाम काय झाला? वक्त्यानं आपलं टिपणच स्लाइडवर लिहायला सुरुवात केली. बारीक अक्षरांतले ते गच्च परिच्छेद, आणि श्रोत्यांकडे पाठ करून ते वाचणारे वक्ते, यांचा सगळा दोष आपण वक्त्यांच्या आळसाला देतो. माझ्या मते त्यातला निम्मा दोष एकाच पडद्याचा होता.

उपाय आला तो दुसऱ्या पडद्याच्या रूपानं. १९९८ च्या विंडोजपासून सामान्य संगणकालाही एकाहून अधिक पडदे वेगवेगळे चालवता येऊ लागले. २००१ च्या ऑफिस एक्सपीबरोबर आलेल्या पॉवरपॉइंटमध्ये वक्त्यासाठी स्वतंत्र दृश्य मिळालं, ज्याला ‘प्रेझेंटर व्ह्यू’ म्हणतात. मोठ्या पडद्यावर फक्त स्लाइड. वक्त्यापुढच्या पडद्यावर तीच स्लाइड, तिचं टिपण, पुढच्या स्लाइडची चाहूल आणि सरकणारं घड्याळ. फॅरडे यांचे दोन्ही पुठ्ठे आणि कंदीलवाल्याचा काचांचा गठ्ठा, सगळं एका चौकटीत आलं म्हणा ना! २०१३ च्या आवृत्तीपासून प्रोजेक्टर जोडला की संगणक हे आपणहून जुळवू लागला. पडदे उलटे लागले तर अदलाबदल करायचं बटण आलं. दुसरा पडदा नसताना घरी सराव करायची सोयही आली. फुकट मिळणाऱ्या लिबरऑफिसमध्येही अशी व्यवस्था आहे.

मग एवढं सगळं असताना ती पाच मिनिटं अजून का जातात? कारण यंत्रानं अँडरसनचा पुठ्ठा घेतला. अँडरसन घेतला नाही. संगणकाला आधी सांगावं लागतं की हा मोठा पडदा माझी नक्कल नाही, ती शेजारची वेगळी खोली आहे. यादीत ‘डुप्लिकेट’ आणि ‘एक्स्टेंड’ असे दोन शब्द दिसतात, त्यांतला दुसरा निवडायचा. विंडोजमध्ये २००९ पासून विंडोजची कळ आणि पी ही कळ एकत्र दाबली की ही यादी समोर येते. काम दोन सेकंदांचं, पण ते भाषणाच्या आधी कुणीतरी करायला हवं.

ज्या परिषदा सुरळीत चालताना मी पाहिल्या, तिथे युक्त्या जुन्याच होत्या. थाळीच्या खोलीसारखी एक खोली. आदल्या दिवशी सर्वांच्या फाइली घेऊन एकाच संगणकावर क्रमानं लावलेल्या, नावाआधी क्रमांक घातलेला. प्रत्येक फाइल त्याच संगणकावर एकदा उघडून पाहिलेली. मराठी भाषणांना तर याची फारच गरज. युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की नुसती चिन्हांची रांगोळी दिसते. व्यासपीठाच्या पायथ्याशी वक्त्याकडे तोंड करून ठेवलेला एक पडदा, त्यावर टिपण आणि घड्याळ. आणि मागच्या टेबलाशी एक माणूस, ज्याच्यापुढे पुढच्या तीन वक्त्यांची यादी आहे. वक्त्यांच्या लॅपटॉपची अदलाबदल नाही, वायरींची ओढाताण नाही. एक उतरला की दुसऱ्याची पहिली स्लाइड पडद्यावर हजर.

या व्यवस्थेत वाचतात ती मिनिटं कुणाची, हे सुरुवातीला सांगितलंच आहे. आयोजकांना माझी एवढीच विनंती आहे. परिषदेचा खर्च मांडताना हार, शाली, मानचिन्हं यांच्या यादीत त्या मागच्या टेबलाशी बसणाऱ्या माणसाचं मानधन आणि वक्त्यापुढच्या एका पडद्याचं भाडं आधी लिहा. आणि वक्त्यांनो, घड्याळ समोर दिसत असेल तर त्याच्याकडे पाहा. तुमच्यानंतर कुणीतरी आपली फाइल देऊन, आपल्या नावाची वाट पाहत बसलेलं आहे.